पाळणे कमी झाले, तरी गर्दी का वाढते?

महाराष्ट्रातल्या बाईला आज सरासरी किती मुलं होतात? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १.७. देशाचा आकडा २.०. लोकसंख्या स्थिर राहायची तर दर बाईमागे साधारण २.१ मुलं लागतात: आईबापांच्या जागी दोन आणि मोठी होण्याआधीच दगावणाऱ्या मुलांची भरपाई म्हणून वरचा अंश. त्या पाहणीत या रेषेच्या वर राहिलेली राज्यं फक्त पाच होती: बिहार, मेघालय, उत्तर प्रदेश, झारखंड आणि मणिपूर.

तरीही २०२३च्या एप्रिलमध्ये आपण चीनला मागे टाकलं. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे आपली संख्या २०६०च्या दशकापर्यंत वाढत राहील आणि १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरू लागेल. ‘लोकांना मुलं कमी करायला सांगा’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत ऐकू येतं. ते सांगून झालंय, आणि लोकांनी ऐकलंयही. मग वाढ थांबत का नाही?

उत्तर आहे वयात. आज पंच्याहत्तरीला जाणारा माणूस १९५०च्या आसपास जन्मला. तेव्हा देश ३६ कोटींचा होता आणि त्या पिढीतली कितीतरी मुलं पाळण्यातच गेली. म्हणजे आज म्हातारपणाने मरणारी पिढी मुळातच लहान आहे. याउलट आज पंचविशीत असलेली पिढी २०००च्या सुमारास जन्मली. तेव्हा देशाने शंभर कोटी ओलांडले होते, वर्षाला अडीच कोटींच्या वर मुलं जन्मत होती आणि त्यातली बहुतेक जगली. आता हीच पिढी आईबाप होते आहे. जोडप्यामागे मुलं दोनच, पण जोडपीच इतकी आहेत की वर्षाला सुमारे २.३ कोटी बाळं जन्मतात आणि मृत्यू मात्र एक कोटीच्या आसपास होतात. उद्यापासून प्रत्येकाने एकावर थांबायचं ठरवलं, तर जन्म जवळपास निम्म्यावर येतील आणि तरीही काही वर्षं ते मृत्यूंपेक्षा जास्तच भरतील. लोकसंख्याशास्त्रात याला संवेग म्हणतात. त्यावर कायदा करून काही उपयोग नाही, कारण ज्यांच्यामुळे संख्या वाढणार ती माणसं कधीच जन्मून बसली आहेत.

हे सुरू कुठे झालं? १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या चक्क थोडी घटली होती. पटकी, प्लेग, दुष्काळ होतेच, त्यात १९१८चा इन्फ्लुएंझा मुंबई बंदरातून आत शिरला आणि एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेला. त्यानंतर मात्र आजवरच्या एकाही जनगणनेत देशाची संख्या घटलेली नाही. मृत्यू आधी कमी झाले आणि जन्म कमी व्हायला पुढची पन्नासेक वर्षं लागली. गर्दी वाढली ती या मधल्या अंतरात. लोक जास्त मुलं जन्माला घालू लागले असं झालंच नाही. ती मरायची थांबली. १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, २०२० मध्ये २८. चारातली चारही जगतात हे डोळ्यांनी पाहिल्यावरच घराघरांत दोनावर थांबायची हिंमत आली.

त्याच १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांची तळमळ बाईच्या शरीराची आणि तिच्या निवडीची होती. १९५२ मध्ये सरकारी कार्यक्रम आला तेव्हा मात्र हळूहळू बाईपेक्षा आकडा मोठा झाला. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळलं. त्या धसक्यातून पुरुष जो निसटला तो निसटलाच. २०१९-२१च्या पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३८ टक्के जणींनी ऑपरेशन करून घेतलेलं होतं आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण होतं ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी जोखमीची असते, हे लक्षात घेतलं की हा आकडा आणखी बोचतो.

आता पर्यावरणाकडे. वाढत्या संख्येचा परिणाम बघायचा तर मी पहिल्यांदा सातबारा बघेन. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे सव्वातीन एकरच्या आसपास. एखाद्या जुन्या गटाचा उतारा काढून पाहा. आजोबांच्या नावाला कंस, खाली वारस नोंदीने आलेली चार मुलांची आणि तीन मुलींची नावं, त्यातल्या दोघांच्या खाली पुन्हा त्यांचे वारस, आणि शेवटी कुणाच्या तरी नावापुढे ०.११, म्हणजे अकरा आर, म्हणजे अकरा गुंठे. तुकडेबंदीचा कायदा १९४७पासून आहे. त्यामुळे कागदावर जमीन सामाईक राहते, रानात मात्र बांध पडतो. विहीर एक असेल तर पाण्याच्या पाळ्या लागतात. पाळीवरून वाजलं की ज्याला जमेल तो आपली बोअर मारतो. जिथे एका विहिरीवर भागत होतं तिथे चार बोअर एकाच खडकातलं पाणी ओढू लागतात.

यात वेळेचा हिशोब विसरून चालत नाही. जमीन मूल जन्मल्यावर वाटली जात नाही, बाप गेल्यावर वाटली जाते. १९६०च्या दशकात जन्मलेल्या पाच भावंडांच्या वाटण्या २०१०च्या आगेमागे झाल्या. म्हणजे आज बांधाबांधावर जे भांडण दिसतं, ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या जन्मदराचं आहे. आजच्या दोन मुलांच्या घरांत पुढची वाटणी इतकी बारीक होणार नाही.

पाण्याच्या आकड्यांशी जरा जपून वागावं लागतं. १९५१ मध्ये भारतात दरडोई वर्षाला ५,१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होतं, २०११ मध्ये १,५४५. हा आकडा प्रत्येक जलदिनाच्या भाषणात असतो. पण त्यात पाऊस तितकाच धरलेला आहे आणि फक्त भागणारी माणसं वाढली आहेत. पाणी कोण वापरतं, हे त्या भागाकारातून कळत नाही. महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीचा लहानसा तुकडा व्यापणारा ऊस सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी पितो. ही टंचाई जास्त मुलं झाल्यामुळे आली असं म्हणणं म्हणजे कारखान्याच्या धुराड्याकडे पाठ करून उभं राहणं.

डोकी मोजण्यात आणखी एक गोम आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या सुमारे १७.७ टक्क्यांनी वाढली. घरं, म्हणजे स्वतंत्र चुली, १९.२ कोटींवरून २४.७ कोटींवर गेल्या: वाढ २८ टक्क्यांच्या वर. एका घरात सरासरी ५.३ माणसं होती, ती ४.९ झाली. फ्रिज माणसागणिक नसतो, घरागणिक असतो. गॅसची शेगडी, मिक्सर, टीव्ही, स्वयंपाकघरातला दिवा, पाण्याची टाकी, दुचाकी, हे सगळं घराच्या हिशोबाने लागतं. आठ जणांचं कुटुंब दोन फ्लॅटांत विभागलं, तर डोकी आठच राहतात. सिमेंट, वाळू आणि विजेचं बिल मात्र जवळपास दुप्पट होतं. जन्मदर उतरल्यावर कुटुंबं लहान होतात, आणि लहान कुटुंबं माणशी जास्त ओढतात. त्यामुळे जन्म कमी झाले की निसर्गावरचा भार आपोआप हलका होतो, हे काही खरं नाही. जगाच्या पातळीवर फरक आणखी उघड दिसतो: अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी १४ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला सुमारे दोन टन. म्हणून भारतातल्या पाळण्यांकडे बोट दाखवून हवामानबदलाचं बोलणाऱ्यांचा मला वैताग येतो.

मग माणसं राहतात कुठे, हेही आलंच. २००१-११ या काळात महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. पण त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी फुगला आणि एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका भरल्या, कारण पुरुष विरार, डोंबिवली, दिव्याला. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो, जनगणनेत मात्र मुंबईकडेच मोजला जातो. तिकडे बागेत माणूस मिळत नाही म्हणून काजू वेचायचा राहतो आणि इकडे खाडीत भराव टाकून इमारती उठतात.

या महानगराचं पाणी येतं मुख्यतः शहापूर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या धरणांतून: भातसा, तानसा, मोडकसागर, वैतरणा. मुंबईकर नळ सोडतो तेव्हा हे पाणी शंभरेक किलोमीटर चालून आलेलं असतं. आणि एप्रिल-मे आला की त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतो. धरणाच्या भिंतीपलीकडे पाणी दिसतं आणि बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. त्या पाड्यांची लोकसंख्या फार वाढली म्हणून हे झालेलं नाही.

कुटुंब लहान झालं, पण मुलगा हवाच हा हट्ट लहान झाला नाही. पाच मुलं होती तेव्हा त्यात एखादा मुलगा आपोआप असायचा. दोनावर थांबायचं म्हटल्यावर सोनोग्राफीचं यंत्र मदतीला आलं. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४. कमी मुली जन्मल्या याचा हिशोब वीस-पंचवीस वर्षांनी समोर येतो. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमलेले तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर गेले आणि बायको द्या म्हणाले. त्यामागे शेतकरी मुलाला मुलगी न देण्याचं कारणही होतंच. पेपरांनी तो मोर्चा गंमत म्हणून छापला, पण मागण्यांत गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा कडक राबवा ही मागणीसुद्धा होती.

उतरत्या जन्मदराची दुसरी बाजू शाळांच्या पटावर दिसू लागली आहे. २०२३च्या सुमारास वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा राज्यात होत्या, त्या बहुतेक जिल्हा परिषदेच्या, डोंगराळ आणि आदिवासी भागांतल्या. त्याच वर्षी सरकारने अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार मांडला. शिक्षक, प्रयोगशाळा, खेळाचं मैदान एका जागी मिळेल हा त्यामागचा मुद्दा खोटा नाही. पण वस्तीवरच्या सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडून चार किलोमीटर जावं लागलं, तर तिची शाळाच सुटेल. आणि मुलींचं शिक्षण हेच तर जन्मदर खाली आणणारं सर्वांत भरवशाचं कारण आहे. शिकलेल्या मुलीचं लग्न उशिरा होतं आणि पहिलं मूलही. त्याच वेळी दिवा-कल्याणच्या पट्ट्यात वर्गांत पाय ठेवायला जागा नाही. पुढच्या जनगणनेचे आकडे आले की राज्याच्या एकूण बेरजेआधी मी तालुकावार तक्ते उघडणार आहे: कुठे पहिलीचा वर्ग भरत नाही आणि कुठे दोन पाळ्यांतही मावत नाही, हे त्यातच कळेल.