उतारवयातलं काम (तब्येत आणि पैसा)

उतारवयातलं काम म्हणजे साधारण साठीनंतर पगारासाठी, मजुरीसाठी किंवा स्वतःच्या शेतात-दुकानात केलेलं काम. आता साठ हा आकडाही सगळीकडे सारखा नाही, महाराष्ट्र सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८ ला रिटायर होतात, चतुर्थ श्रेणीवाले ६० ला, केंद्राचे १९९८ पासून ६० ला. शेतमजूर, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बायका यांना असली तारीखच नसते, हातपाय चालतायत तोवर काम, आणि ते कधी थांबणार हे तब्येत आणि गाठीचा पैसा मिळून ठरवतात.

याचा सगळ्यात मोठा हिशोब 'लासी' नावाच्या सर्व्हेत सापडतो. मुंबईत देवनारला असलेल्या, लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या आयआयपीएस संस्थेने परदेशी विद्यापीठांसोबत तो २०१७-१८ मध्ये केला, ४५ च्या पुढचे जवळपास ७२ हजार लोक देशभरातून घेतले, आणि नुसते प्रश्न नाही विचारले तर बीपी मोजलं, चालायला लावलं, यंत्र मुठीत दाबायला देऊन हातात जोर किती उरलाय तेही बघितलं. त्यात साठीच्या पुढचे साधारण ३६ टक्के लोक तेव्हा काम करत होते, बायकांपेक्षा पुरुष जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त.

साधा तर्क असा की तब्येत चांगली असेल तर माणूस जास्त वर्षं काम करेल आणि पैसा असेल तर लवकर थांबेल. दोन्ही खरं आहे, गोची अशी की या दोन गोष्टी सुट्या मिळत नाहीत. खुर्चीत बसून नोकरी केलेल्याकडे पेन्शनही असते आणि गुडघेही बरे असतात, म्हणजे तो अजून दहा वर्षं काम करू शकतो पण करायची गरज नाही, आवड म्हणून कन्सल्टन्सी बघतो. ज्याने आयुष्यभर ओझी उचलली त्याचं बरोबर उलटं.

ऊसतोडीत हे एकदम उघडं दिसतं. बीड, पाथर्डी, शेवगाव भागातली माणसं दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातात ती थेट उन्हाळा लागल्यावर परत. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि लावलेल्या फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची, तेही बऱ्याचदा अंधारात कारण गाडी कधी येईल त्याचा नेम नाही. या कामात म्हातारपण यायला साठी लागत नाही, पन्नाशीतच कंबर आणि मान बोलायला लागते. मग मुकादमही उचल द्यायला कां कू करतो, आणि तो माणूस गावाकडे नातवंडं, शेरडं आणि घर राखत बसतो, म्हणजे काम सुटलं असं नाही, पैसे मिळणारं काम सुटलं.

पैसा म्हणून सरकारकडून काय मिळतं? निराधार वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे, वय ६५ पूर्ण हवं, महिन्याला १,५०० रुपये. पण अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. आता घरात कोणी थोडीफार मजुरी केली आणि ती खरी सांगितली तर म्हातारा कागदावर बाद, आणि मजुरी सोडली तर १,५०० मध्ये महिना काढून दाखवा. ही अट कोणी बसवली असेल त्याने किराणा स्वतः भरला नसणार.

खाजगी कंपन्यांतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५ (प्रॉव्हिडंट फंडासोबतची) पेन्शनही अशीच, २०१४ पासून कमीत कमी १,००० रुपये, ती ७,५०० करा म्हणून बुलढाण्यातून आंदोलन चालवलं गेलं. कुठल्याही सोसायटीच्या गेटवर रात्री बघा, बारा तासांची ड्युटी करणारे काका बऱ्याचदा हेच असतात, कारखान्यातून सुटले आणि सिक्युरिटीत लागले. आमच्या गेटवरचे काका शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी ठेवतात, बीपीची सकाळची गोळी ड्युटी संपता संपता तिथेच घेतात.

त्या पट्टीचाही यात हात आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा ७० च्या पुढच्यांसाठी २०२४ मध्ये आलेलं आयुष्मान कार्ड, दोन्ही मुख्यतः दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर कामाला येतात. रोजच्या शुगर-बीपीच्या गोळ्या मेडिकलमधून घ्यायच्या तर खिशातूनच, आणि कित्येक जण त्या गोळ्यांसाठीच नोकरी धरून असतात. उलटा प्रकार मोतीबिंदूचा, छोटं ऑपरेशन, शिबिरात फुकटही होतं, आणि सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून मशीन झाकून ठेवलेला टेलर परत शिवायला बसतो.

व्यवस्था लावली तर चित्र बदलतं हे हमालांकडे बघून कळतं. १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळं झाली, मालकाकडून मजुरीवर लेव्ही (वरची ठरावीक रक्कम) घेऊन नोंदणी असलेल्या हमालाला फंड आणि ग्रॅच्युइटी मिळायला लागली, त्यामुळे पाठ गेली तरी काहीतरी हातात येतं. पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव पुढे २०१२ च्या पेन्शन परिषदेतही होते, तिथे मागणी होती की असंघटित कामगाराला किमान वेतनाच्या निम्मी तरी पेन्शन द्या.

शेतकऱ्याची पेन्शन म्हणजे सातबारा. जमीन नावावर असेल तर अंग थकल्यावर ती बटईने देता येते, पोरंही जरा दबून असतात, म्हणून जाणती माणसं जिवंतपणी वाटणी करून द्यायला नको म्हणतात. बाईचं नाव मात्र अनेक सातबाऱ्यांवर नसतंच, तिने चाळीस वर्षं खुरपलेलं असलं तरी.

आणि बायकांचं कितीतरी काम कुठल्याच कामाच्या आकड्यात बसत नाही. पुण्याची आजी लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जाते, विमानतळावर व्हीलचेअर मागून घेते, बॅगेत डिंकाचे लाडू, गुडघ्याचा पट्टा आणि सहा महिन्यांच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट, आणि तिकडे पोहोचल्या दिवसापासून बाळाची अंघोळ-मालिश तिच्याकडे.