एसटी० आणि एनएसटी०: एकाच टेप ड्राइव्हची दोन नावे

एलटीओ ड्राइव्ह (बॅकअपच्या चुंबकीय टेपवर लिहिणारे-वाचणारे यंत्र) एसएएस केबलने लिनक्स सर्व्हरला जोडला आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, एसटी या टेप ड्रायव्हरने तो ओळखला, की ‘डेव्ह’ डिरेक्टरीत त्या एकाच यंत्रासाठी एसटी० आणि एनएसटी० अशी दोन नावे उमटतात. दोन्हींचा मेजर क्रमांक, म्हणजे कोणता ड्रायव्हर ते सांगणारा आकडा, ९ असतो. त्या ड्रायव्हरला नेमके डिव्हाइस सांगणारा मायनर क्रमांक मात्र पहिल्याचा ० आणि दुसऱ्याचा १२८ असतो. ही नावे म्हणजे दोन वेगळे ड्राइव्ह असे समजण्याची चूक नवख्यांकडून होते, पण फरक यंत्रात नसून डिव्हाइस बंद होताना टेपचे काय करायचे, एवढ्यापुरताच आहे.

लेखन संपवून प्रोग्रॅमने डिव्हाइस बंद केले, की ड्रायव्हर टेपवर फाइलमार्क, म्हणजे फाइल संपल्याची खूण, लिहितो. इथवर दोन्ही सारखेच. त्यानंतर एसटी० टेप पार सुरुवातीपर्यंत गुंडाळते, तर एनएसटी० ती फाइलमार्कच्या पुढेच उभी ठेवते. त्यामुळे रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये टारच्या (फाइलींचा एक संग्रह बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) तीन आज्ञा एसटी० वर ओळीने दिल्या, तर प्रत्येक आज्ञा टेपच्या आरंभापासून लिहिते, आधीच्या संग्रहावर नवा चढतो आणि शेवटी तिसराच हाती उरतो. टार मात्र तिन्ही वेळा काम यशस्वी झाल्याचेच कळवतो. ही चूक बहुधा डेटा परत मिळवण्याची वेळ आल्यावरच उघडकीस येते, म्हणून ती मला विशेष घातक वाटते.

टेप पुढे-मागे नेणाऱ्या एमटी या आज्ञेच्या बाबतीत फरक आणखी फसवा आहे. एसटी० देऊन ‘एफएसएफ १’ म्हटले, तर टेप एक फाइल पुढे जाते आणि आज्ञा संपताच पुन्हा आरंभी येते, म्हणजे सगळी धावाधाव फुकट. एवढेच काय, एसटी० वर नुसते ‘स्टेटस’ विचारले तरी टेप गुंडाळली जाते. एलटीओ-८ ची टेप ९६० मीटर लांब असते, हे लक्षात घेतले म्हणजे यात वेळ किती वाया जाऊ शकतो, ते समजेल.

एनएसटी० वापरले म्हणजे सारे निर्धास्त, असेही नाही. टेप कुठे उभी आहे याची जबाबदारी आता आपल्यावर येते: मध्येच कुठेतरी लेखन सुरू केले, तर तिथून पुढचा जुना डेटा वाचता येत नाही. म्हणून जुन्या संग्रहांच्या मागे नवा जोडण्याआधी ‘ईओडी’ देऊन टेप लिहिलेल्या भागाच्या शेवटी न्यावी. वाचतानाही ड्रायव्हरची मूळ पद्धत बीएसडीची (युनिक्सच्या एका शाखेची) असल्याने फाइल बंद झाल्यावर टेप आहे तिथेच थांबते, पुढचा फाइलमार्क आपोआप ओलांडत नाही; पुढील संग्रह वाचण्यापूर्वी ‘स्टेटस’ने फाइल क्रमांक पाहिलेला बरा.

एका टेपवर एकच संग्रह ठेवायचा असेल, तर एसटी० पुरते. इतर सर्व कामांसाठी, विशेषतः स्क्रिप्टमध्ये, एनएसटी० हेच वापरावे. ड्राइव्ह एकाहून अधिक असल्यास रीबूटनंतर क्रमांक बदलू शकतात, तेव्हा ‘डेव्ह’मधील ‘टेप/बाय-आयडी’ या डिरेक्टरीतील, शेवटी ‘-एनएसटी’ असलेले नाव स्क्रिप्टमध्ये लिहावे.