यूपीआयवरची ‘पैसे मागा’ सोय : कशासाठी आली, का गेली

१ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय बंद झाली. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने, म्हणजे एनपीसीआयने, २९ जुलै २०२५ च्या परिपत्रकात बँकांना आणि ॲप कंपन्यांना तशी सूचना दिली होती. बातमी दोन दिवस फिरली आणि विरली. जेवणाचं बिल मित्रांमध्ये वाटून घ्यायला ही सोय वापरणाऱ्यांची थोडी अडचण झाली, बाकीच्यांना फरक जाणवलाही नाही. पण याच वाटेने ज्यांची खाती रिकामी झाली, त्यांच्या दृष्टीने हा निर्णय किमान सहा वर्षं उशिरा आला. सहा वर्षं का म्हणायचं, ते पुढे येईलच.

यूपीआयच्या आधी मोबाइलवरून तत्काळ पैसे पाठवायला आयएमपीएस होतं. एनपीसीआयने ते २०१० साली मुंबईत सुरू केलं. समोरच्याचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड भरा, नाहीतर मोबाइल क्रमांक आणि एमएमआयडी, म्हणजे बँकेने खातं ओळखण्यासाठी दिलेला सात आकडी क्रमांक, भरा. पैसे काही क्षणांत जायचे, पण फक्त देणाऱ्याने पाठवले तर. दुकानदाराला स्वतःहून बिल पुढे करता येत नव्हतं. ग्राहकाने सगळे आकडे बिनचूक टाकावेत आणि रक्कमही बरोबर भरावी, यावर सारा व्यवहार अवलंबून असायचा. ऑनलाइन खरेदीत कार्ड हाच मुख्य मार्ग होता. त्यात कार्डाचे सोळा आकडे, मुदत, सीव्हीव्ही, मग ओटीपीचं पान आणि ते उघडेपर्यंत कधी नेट गेलेलं.

म्हणून २०१५ मध्ये यूपीआयचा आराखडा आखला गेला तेव्हा त्यात सुरुवातीपासून दोन दिशा होत्या. एकीला ‘पे’ म्हणायचं, दुसरीला ‘कलेक्ट’. ‘पे’ मध्ये देणारा सुरुवात करतो. ‘कलेक्ट’ मध्ये घेणारा सुरुवात करतो आणि देणारा मंजुरी देतो. कल्पना चांगली होती. ग्राहकाने संकेतस्थळावर आपला यूपीआय आयडी तेवढा द्यायचा, दुकानाने त्या आयडीवर नेमक्या रकमेची मागणी पाठवायची, ग्राहकाने फोनवर ती पाहून पिन टाकायचा. खाते क्रमांक दुकानाकडे जात नाही, कार्डाचे तपशील कुठे साठत नाहीत, रकमेत चूक होत नाही. घरपोच आलेल्या पार्सलचे पैसे कुरिअरवाल्याने दारातच मागणी पाठवून घ्यावेत, असाही उपयोग डोळ्यांसमोर होता. ११ एप्रिल २०१६ रोजी तेव्हाचे रिझर्व्ह बँक गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते मुंबईत २१ बँकांसह यूपीआयचा प्रायोगिक प्रारंभ झाला. त्या वर्षाच्या ऑगस्टपासून बँकांची ॲप लोकांच्या हाती यायला लागली आणि नोटाबंदीनंतर ३० डिसेंबरला भीम ॲप आलं. पैसे पाठवणं आणि पैसे मागणं या दोन्ही सोयी त्यात शेजारी शेजारी होत्या.

फसवणूक नेमकी कुठे शिरली ते समजायला ‘कलेक्ट’ आतून कसं चालायचं ते पाहावं लागेल. मागणारा आपल्या ॲपमध्ये समोरच्याचा यूपीआय आयडी, रक्कम आणि एक छोटी टीप लिहितो. त्याचं ॲप ही मागणी एनपीसीआयकडे पाठवतं. एनपीसीआय आयडीतल्या ‘ॲट’ चिन्हानंतरच्या भागावरून देणाऱ्याचं ॲप कोणत्या बँकेशी जोडलेलं आहे ते ओळखतं आणि मागणी तिकडे वळवतं. देणाऱ्याच्या फोनवर सूचना वाजते. त्याने ‘पे’ वर बोट ठेवलं की पिनचं पान उघडतं. हे पान ॲप कंपनीचं नसतं. एनपीसीआयने दिलेल्या आणि प्रत्येक ॲपमध्ये बसवलेल्या प्रणालीचं ते पान असतं, म्हणून सगळ्या ॲपमध्ये ते साधारण सारखंच दिसतं. चार किंवा सहा आकडे टाकले की ते तिथेच सांकेतिक रूपात बंद होतात, ॲपलाही ते वाचता येत नाहीत. पुढे एनपीसीआय देणाऱ्याच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगतं, ती झाली की घेणाऱ्याच्या बँकेला जमा करायला सांगतं आणि शेवटी दोन्ही ॲपना निरोप जातो.

तंत्राच्या दृष्टीने यात कुठेही भोक नाही. पिन चोरीला जात नाही, सर्व्हर फुटत नाही. कमकुवत जागा फोनच्या काचेवर होती. पैसे पाठवताना जे पिनचं पान उघडायचं, तेच मागणी मंजूर करताना उघडायचं आणि तेच खात्यातली शिल्लक पाहतानाही उघडायचं. शिल्लक पाहताना तर पैसे जात नाहीत, तरी पिन लागतोच. त्यामुळे ‘पिन टाकला म्हणजे पैसे जाणार’ ही खूणगाठ लोकांच्या मनात पक्की व्हायला मुळात वावच कमी होता. शिवाय मागणीसोबतची टीप मागणाराच लिहायचा आणि यूपीआय आयडीचा ‘ॲट’ चिन्हाआधीचा भागही त्यानेच निवडलेला असायचा. टीपेत ‘रिफंड’ असं लिहिलं आणि आयडीतही तसाच शब्द घातला की सूचना परताव्याची वाटायची.

त्यात भर पडली बक्षिसांची. ऑगस्ट २०१६ मध्ये फोनपे आलं, सप्टेंबर २०१७ मध्ये गूगलचं तेज आलं, तेच वर्षभराने गूगल पे झालं. ग्राहक जोडण्यासाठी कॅशबॅक आणि स्क्रॅच कार्डांची रेलचेल झाली. सूचना येते, तिच्यावर बोट ठेवायचं आणि खात्यात पैसे पडतात, ही सवय याच काळात लाखो नव्या वापरकर्त्यांना लागली. भामट्यांनी त्या सवयीचा फायदा घेतला.

जुनं सामान विकणाऱ्या संकेतस्थळांवर जाहिरात देणारे लोक त्यांचं पहिलं लक्ष्य होते. फसवणुकीची पद्धत इतकी ठरलेली होती की पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारी एकमेकींच्या नकला वाटाव्यात. कपाट किंवा सोफा विकायला काढला की काही मिनिटांत फोन येतो. बोलणारा सांगतो, मी लष्करात आहे, इकडे बदली झाली आहे, वस्तू पसंत आहे, घासाघीस करणार नाही. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येतं. विश्वास बसावा म्हणून तो कधी कधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवतो. मग म्हणतो, आमच्या कार्यालयीन खात्यातून पैसे वेगळ्या पद्धतीने येतात, तुमच्या फोनवर सूचना आली आहे, ती मंजूर करा आणि पिन टाका. या सगळ्या वेळात तो फोन ठेवत नाही. विकणारा फोन स्पीकरवर टाकून, बोलता बोलता, घाईत पान उघडतो. तिथे ‘पे’ लिहिलेलं असतं, पण कानावर ‘पैसे येणार आहेत’ हेच पडत असतं. पैसे गेले की भामटा म्हणतो, तांत्रिक चूक झाली, दुसरी मागणी पाठवतो, ती मंजूर केलीत की दोन्ही रकमा परत येतील. मोठं नुकसान बहुधा या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत व्हायचं. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांवर काढलेल्या पुस्तिकेत ही पद्धत नोंदवलेली आहे.

बँका आणि ॲप कंपन्या यावर इशारेच देत राहिल्या. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ हे वाक्य एसएमएसमधून, जाहिरातींतून, ॲपच्या पहिल्या पानावरून सांगितलं गेलं. वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण ज्याला कोणी फोनवर गुंतवून ठेवलं आहे, त्याला सकाळी वाचलेला एसएमएस त्या क्षणी आठवेलच अशी अपेक्षा धरणं चूक होतं. वेगवेगळ्या कामांसाठी एकच पान दाखवायचं आणि फरक ओळखण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकायची, ही रचनेतली चूक होती. इशाऱ्यांनी ती दुरुस्त होणार नव्हती.

एनपीसीआयलाही हे दिसत होतं. म्हणूनच २०१९ मध्ये व्यक्तीकडून व्यक्तीकडे केलेल्या मागणीवर एका वेळी २,००० रुपयांची मर्यादा आली. त्याआधी यूपीआयची एका व्यवहाराची सर्वसाधारण मर्यादा होती १ लाख रुपये, म्हणजे कपात मोठी होती आणि एका फटक्यात खातं धुऊन जाणं त्यामुळे थांबलं. पण २,००० च्या मागण्या एकामागून एक पाठवता येत होत्या. मासिक पगारावर चालणाऱ्या घराला दोन-तीन मागण्याही पुरेशा जड असतात. वाट धोक्याची आहे हे २०१९ मध्ये मान्य झालं होतं, ती बंद मात्र २०२५ मध्ये झाली. उशीर म्हणायचा तो हा.

तोवर ही सोय दुकानांनाही पूर्वीइतकी गरजेची राहिली नव्हती. फोनवरच खरेदी करत असाल तर दुकानाचं ॲप थेट तुमचं यूपीआय ॲप उघडतं आणि घेणाऱ्याचा आयडी, नाव, रक्कम आधीच भरून देतं. गल्लीतल्या दुकानात क्यूआर आला. क्यूआरच्या चौकोनात हाच मजकूर असतो : घेणाऱ्याचा आयडी, नाव, चलन आणि हवी तर रक्कम. दोन्ही प्रकार ‘पे’ मध्ये मोडतात, सुरुवात देणारा करतो. दुकानाला बिनचूक रक्कम मिळण्याचा मूळ हेतू मागणी न पाठवताच साधला जाऊ लागला. तरीही दुकानांची मागणी हा वेगळा प्रकार मानला जात होता आणि २९ जुलैच्या परिपत्रकाने तिला हात लावला नाही. दुकानांची नोंदणी झालेली असते, त्यांची कागदपत्रं तपासलेली असतात, हा त्यामागचा विचार.

एवढ्या लोकांना पैसे परत का मिळाले नाहीत, याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. अनधिकृत ऑनलाइन व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात ठरवलं आहे. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही बोजा नाही. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं सारं नुकसान त्याचंच. ‘कलेक्ट’ मधल्या फसवणुकीत पिन ग्राहकाने स्वतः, स्वतःच्या फोनवर टाकलेला असायचा. बँकेच्या नोंदीत तो व्यवहार पूर्णपणे अधिकृत दिसायचा, त्यामुळे दावा उभा राहणंच कठीण. अशा वेळी उपयोगी पडतो तो १९३० हा सायबर मदत क्रमांक, तोही लगेच फोन केला तरच. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंत रोखता येतात, तिथून ते तुकड्यातुकड्यांनी इतर खात्यांत गेले किंवा एटीएममधून निघाले की हाती फारसं काही लागत नाही. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक जवळ ठेवावा. ॲपच्या इतिहासात तो ‘यूटीआर’ किंवा ‘यूपीआय व्यवहार क्रमांक’ या नावाने सापडतो.

व्यवहारांचा आवाकाही या काळात बदलला. ऑक्टोबर २०१९ मध्ये यूपीआयने महिन्याला १०० कोटी व्यवहारांचा टप्पा गाठला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला २,००० कोटींचा. इतक्या मोठ्या आकड्यात अगदी थोड्या टक्क्यांची फसवणूकही हजारो घरांपर्यंत पोचते.

मागणी बंद होण्याआधी आणखी एक बदल झाला. त्याची चर्चा कमी झाली, पण तो मोलाचा आहे. पूर्वी पैसे पाठवताना दिसणारं नाव क्यूआरमधून किंवा ॲपमध्ये वापरणाऱ्याने स्वतः ठेवलेल्या नावावरून येऊ शकत होतं. ३० जून २०२५ पर्यंत सगळ्या ॲपनी घेणाऱ्याच्या बँक खात्यात नोंदलेलं नावच दाखवावं, असं बंधन एनपीसीआयने घातलं. क्यूआरची फसवणूक मागणी बंद झाल्याने थांबत नाही. ‘पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असं सांगून पाठवलेला चौकोन हा साधा ‘पे’ व्यवहारच असतो. तिथे ढाल एकच, पिनच्या आधी दिसणारं ते नाव. सोफा घेणारा स्वतःचं जे नाव सांगतो आहे ते आणि पडद्यावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबावं.

बिल वाटून घेणाऱ्यांसाठी पर्याय सोपा आहे. बऱ्याच ॲपमध्ये स्वतःच्या क्यूआरच्या पानावर रक्कम भरण्याची सोय असते. ती भरून तयार झालेलं चित्र गटात पाठवलं की प्रत्येकाने ते आपल्या ॲपमध्ये उघडून पैसे द्यायचे. रक्कम भरलेली असते, सुरुवात मात्र देणाऱ्याकडून होते.

घेणाऱ्याने पैसे ओढण्याची पद्धत यूपीआयमधून पूर्ण गेली असं मात्र नाही. जुलै २०२० मध्ये आलेलं ऑटोपे त्याच जातीचं आहे. वर्गणी, विमा, हप्ता यांसाठी एकदा पिन टाकून परवानगी दिली की पुढे दर वेळी विचारणा होत नाही. २०२२ पासून सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा पिन न मागता वजा होऊ शकते. एखादी सेवा ‘पहिला महिना १ रुपया’ म्हणते तेव्हा मंजुरीच्या पानावर तो १ रुपया ठळक असतो आणि खाली परवानगीची कमाल रक्कम लिहिलेली असते. वाचायची ती कमाल रक्कम आणि तिच्याशेजारची वारंवारता. ‘मासिक’ लिहिलं असेल तर महिन्यातून एकदाच पैसे जातील. रक्कम ‘मागेल तेव्हा’ वजा करण्याचा पर्याय असेल तर तारीख घेणारा ठरवणार. दिलेल्या परवानग्यांची यादी ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ या नावाखाली मिळते, आणि नको असलेली परवानगी तिथूनच पिन टाकून रद्द करता येते. सेवेचं ॲप फोनमधून काढून टाकलं तरी परवानगी चालूच राहते, ती इथेच येऊन रद्द करावी लागते.