नेफ्रॉटिक आणि नेफ्रिटिक: गाळणीची कोणती पेशी दुखावली?

नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या ओपीडीतून मिळालेल्या चिठ्ठीवर ‘नेफ्रॉटिक’ लिहिलंय की ‘नेफ्रिटिक’, हे घरच्यांनी नीट वाचून, विचारून घ्यावं. दोन्हींत सकाळी पापण्या सुजतात, दोन्हींत लघवीत प्रोटीन सापडतं आणि दोन्हींत बिघाड किडनीच्या त्याच गाळणीत असतो. पण दुखावलेल्या पेशी वेगळ्या असतात. म्हणून औषधं वेगळी, पथ्य थोडं वेगळं, आणि घाबरायचं कशाला हेही वेगळं.

एका किडनीत साधारण १० लाख ग्लोमेरुलस असतात, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे गुच्छ. दोन्ही किडन्यांत मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. बहुतेक पुढच्या नळ्यांत परत शोषला जातो, दीड-दोन लिटर लघवी उरते. गाळणीचे थर तीन. रक्ताच्या बाजूला एंडोथेलियम, वाहिनीचं सच्छिद्र अस्तर. मग सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा पडदा, बेसमेंट मेम्ब्रेन. त्याच्या बाहेरून पोडोसाइट पेशींचा विळखा. या पेशींना खरोखरच पाय असतात. शेजारच्या दोन पोडोसाइटचे पाय एकमेकांत गुंततात आणि मधल्या फटीवर नेफ्रिन, पोडोसिन अशा प्रथिनांचं जाळं ताणलेलं असतं. नेफ्रिनचं जनुक १९९८ साली हाती लागलं, ते जन्मतःच लघवीवाटे प्रचंड प्रोटीन गमावणाऱ्या बाळांच्या आजाराचा माग काढताना.

पोडोसाइटचं काम फट राखण्यापुरतं नाही. पडद्याच्या पक्क्या कोलॅजनचे धागे तीच पेशी विणते. शिवाय ती व्हीईजीएफ नावाचा संदेश पडदा ओलांडून एंडोथेलियमकडे पाठवते. तो तुटला की अस्तराची छिद्रं टिकत नाहीत. कॅन्सरची काही औषधं हाच संदेश अडवतात, म्हणून ती सुरू असताना लघवीतलं प्रोटीन तपासत राहावं लागतं. आणि पोडोसाइट जवळपास विभागत नाही. गेलेली पेशी भरून निघत नाही, उरलेल्यांना पाय आणखी ताणून जागा झाकावी लागते. मधुमेहात लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, लवकर पकडण्यावर आमचा एवढा भर आहे तो यासाठीच.

वाहिन्यांच्या मधोमध मेसँजियल पेशी असतात. त्या गुच्छाला आधार देतात आणि अडकलेला कचरा साफ करतात.

नेफ्रॉटिकमध्ये मार बसतो पोडोसाइटला. पाय चपटे होऊन पसरतात, जाळं विस्कटतं आणि अल्ब्युमिन निसटतं. मोठ्यांत दिवसाला ३.५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रोटीन जातं, मुलांत लघवीतल्या प्रोटीन आणि क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) यांचं गुणोत्तर २ च्या वर जातं. लघवीला न बसणारा फेस येतो, रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं, कोलेस्टेरॉल चढतं, पाय आणि पोट सुजतं. लहान मुलांत बहुतेक वेळा मिनिमल चेंज हा प्रकार असतो: साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गाळणी निरोगी दिसते, चपटे झालेले पाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पहिल्या खेपेला रोज किलोमागे २ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, ६ आठवडे. नंतर किलोमागे दीड मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ४०, एकाआड एक दिवस आणखी ६ आठवडे. चेहरा गोल होतो म्हणून घरच्यांनी मधेच बंद करू नये. रोज सकाळी पट्टीने लघवी तपासून वहीत लिहावं. सलग ३ दिवस ३+ किंवा जास्त आलं तर आजार उलटला असं समजावं.

इथला खरा धोका संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या. प्रतिकाराची प्रथिनंही वाहून जातात. ताप आणि पोटदुखी एकत्र आली तर थांबू नये. अंग सुजलेलं असलं तरी रक्तवाहिन्यांत पाणी कमी असू शकतं. अशा मुलाला हगवण-उलटी लागलेली असताना लघवी वाढवणारं औषध घरीच देणं घातक.

नेफ्रिटिकमध्ये हल्ला रक्ताच्या बाजूने होतो. एंडोथेलियम आणि मेसँजियममध्ये दाह पेटतो, पडदा फाटतो, तांबड्या पेशी बाहेर पडतात. लघवी कोऱ्या चहासारखी आणि कमी होते, रक्तदाब चढतो, रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. मुलांत हे घशाच्या संसर्गानंतर १ ते ३ आठवड्यांनी, खरूज किंवा फोड चिघळल्यावर ३ ते ६ आठवड्यांनी दिसतं. रक्तातलं सी३ हे प्रतिकाराचं प्रथिन उतरतं, साधारण ६ ते ८ आठवड्यांत पूर्ववत होतं. १२ आठवड्यांनंतरही कमीच असेल तर दुसरा आजार शोधावा लागतो. इथे स्टेरॉइड सहसा लागत नाही. मीठ आणि पाणी मोजून, रक्तदाबाचं औषध, आणि हो, लघवी वाढवणारं औषध इथे उपयोगी पडतं. डोकेदुखी, झटका (फिट) किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना. घसा दुखल्याच्या एक-दोन दिवसांतच लघवी लाल झाली, तर मेसँजियममध्ये आयजीए नावाचं प्रतिपिंड साठण्याचा आजार आठवावा.

दोन्हींतला फरक दाखवणारी सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे ताजी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. गाळणीतून रेटून आलेल्या तांबड्या पेशी वेड्यावाकड्या असतात आणि नळ्यांत गोठून त्यांचे साचे बनतात. साचा दिसला की दाह गाळणीतच आहे. पण नमुना दोन तासांत पाहायला हवा. मे महिन्यात बाटली तासन् तास पिशवीत राहिली तर पेशी फुटतात, साचे विरघळतात आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

नागपुरात आणखी दोन चकवे आहेत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लघवी घट्ट होते आणि पट्टी उगाच १+ प्रोटीन दाखवते. म्हणून प्रोटीन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर मागावं. उन्हात राबून, ऊन लागून आलेल्या माणसाच्या लघवीत पट्टी ‘रक्त’ दाखवते, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नसतात, तेव्हा ते स्नायूंतलं मायोग्लोबिन असू शकतं, स्नायूंची इजा दाखवणारं रक्तातलं सीपीके तपासावं. दुसरा चकवा सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, विदर्भात तो विसरून चालत नाही. वाहक माणसालाही न दुखता लाल लघवी होऊ शकते. ते रक्त गाळणीतून नव्हे, किडनीच्या आतल्या भागातून येतं: पेशी गोल, साचे नाहीत, प्रोटीन थोडंच. सिकलसेलच्या रुग्णाची गाळणी मात्र हळूहळू खरोखर झिजते, त्याने अल्ब्युमिनची चाचणी दरवर्षी करावी.

काही आजार दोन्ही बाजूंनी मारा करतात. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, त्यांतला नेहमीचा. फेस आणि लाली एकत्र असेल तर बायोप्सीशिवाय, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय, निभाव लागत नाही. आणि साचे दिसत असताना क्रिएटिनिन दिवसागणिक चढत असेल, तर पुढच्या आठवड्याच्या तारखेवर समाधान मानू नका. त्याच दिवशी भरती होऊन बायोप्सीबद्दल विचारा, कारण या प्रकारात गाळण्या काही आठवड्यांत कायमच्या बंद पडतात.