गाडीच्या काळ्या काचा: हे सगळं सुरू कुठून झालं

परवा धाकट्या भावाने गाडी बुक केली आणि डिलिव्हरी मिळायच्या आधीच त्याचा फोन, "दादा, काचा काळ्या करूया काय, पोरं मागं बसून भाजूलेत." मी म्हटलं थांब जरा. कारण आमच्याकडे बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात ह्या विषयावर प्रत्येकाकडे एक ठाम मत असतंय आणि ते अर्ध्या ऐकीव माहितीवर उभं असतंय. एकजण सांगतो कोल्हापूरला चालतंय, इथंच धरतात. दुसरा म्हणतो पन्नास टक्के अलाउड आहे, दुकानवाल्यानेच सांगितलं. तिसरा म्हणतो गोवा पासिंगला कोण विचारत नाही.

तर पहिली गोष्ट, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला की नियम बदलत नाही. बाकी शंभर गोष्टी बदलत असतील, पाटीवरची भाषा बदलते, पेट्रोलचा रेट बदलतो, पण काचेचा नियम केंद्राचा आहे. केए-२२ असो नाहीतर एमएच-०९, दोघांना १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० च लागू. त्यात लिहिलंय की पुढच्या आणि मागच्या काचेतून कमीत कमी ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून कमीत कमी ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. रंगाबद्दल आक्षेप नाहीच, प्रश्न उजेडाचा आहे. आमच्याकडे काळा म्हटलं की १ नोव्हेंबरचा काळा दिवस आठवतो, पण इथं काळा हा शब्दच सगळा घोळ घालतो.

आता मागे जाऊया. अँबॅसिडरच्या जमान्यात काळी फिल्म कुठली, पडदे असायचे. मागच्या सीटला तारेवर सरकणारे छोटे पडदे, डॉक्टर, वकील, मोठे व्यापारी असल्यांच्या गाडीला. ऊन लागू नये आणि बायकामाणसं आत बसली तर दिसू नयेत, दोन्ही कामं एकाच कापडात.

काच आणि प्लास्टिकची सोयरीक मात्र त्याच्याही आधीची. १९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच केमिस्टच्या हातून काचेचा फ्लास्क खाली पडला, तडकला पण तुकडे उडाले नाहीत, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर चिकटलेला होता. त्यातून दोन काचांच्या मधे प्लास्टिक घालायची आयडिया निघाली आणि १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. आज आपल्या गाडीची पुढची काच त्याच घराण्यातली, दगड लागला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते पण अंगावर येत नाही. बाजूच्या काचा वेगळ्या, त्या टफन म्हणजे तापवून कडक केलेल्या, फुटल्या की खडीसाखरेसारखा चुरा. म्हणजे गंमत बघा, काचेच्या मधे प्लास्टिक घालायला कायद्याचीच संमती, वरून चिकटवलं तर भांडण.

वरून चिकटवायची फिल्म मात्र नंतरची. पॉलिएस्टरचा पातळ पारदर्शक पडदा करता यायला लागल्यावर १९६६ मध्ये अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने ऊन अडवणाऱ्या फिल्मचं पेटंट काढलं, ते मुळात बिल्डिंगच्या खिडक्यांसाठी. गाड्यांवर ती नंतर आली. आपल्याकडे ह्या धंद्यातलं मोठं नाव मराठी माणसाचं, गरवारे, औरंगाबादचा कारखाना, आणि "सन कंट्रोल" हा शब्द गावोगावच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांच्या पाट्यांवर जो चढला तो अजून उतरलेला नाही.

सुरुवातीची फिल्म म्हणजे नुसता रंग दिलेलं प्लास्टिक. मामांच्या मारुती व्हॅनला होती तसली, नवीन असताना कोळशासारखी काळी आणि तीन उन्हाळ्यांत वांग्यासारखी जांभळी, वर बुडबुडे आलेले, कडेने सुटलेली, आम्ही पोरं मागं बसून ते बुडबुडे नखाने फोडायचो आणि शिव्या खायचो. रंग उन्हाने उडतो म्हणून तसं व्हायचं. आणि खरं सांगायचं तर गाडी काय फार गार वाटायची नाही. डोळ्याला गार वाटायचं. काळं म्हणजे थंड हा समज तिथूनच डोक्यात बसला तो बसलाच.

मग सुमो, क्वालिस, स्कॉर्पिओ आल्या आणि फिल्मचा उन्हाशी संबंधच संपला. काळ्या काचा म्हणजे वट. आत कोण आहे हे दिसत नाही म्हणजे आत कोणीतरी मोठा आहे. आत बसलेला कधी कधी ऊसतोडीचा मुकादम असायचा ते सोडा. पण तोच आडोसा गुन्हे करणाऱ्यांनाही सोयीचा, आणि ह्याच मुद्द्यावर अविषेक गोएंका ह्यांनी सुप्रीम कोर्टात जनहित याचिका टाकली. २७ एप्रिल २०१२ ला निकाल आला, सरन्यायाधीश कपाडियांच्या बेंचचा. काचेवर कुठल्याही टक्क्याची काळी फिल्म किंवा दुसरं काहीही चिकटवायचं नाही, ४ मे पासून लागू. सवलत फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षावाल्यांना. कोर्टाचं म्हणणं असं की ७० आणि ५० हे आकडे काचेचे आहेत, कंपनीतून येतानाच्या, आणि पुढेही काच तशीच राखायची आहे.

त्या मे महिन्यात चौकात थांबवून "फिल्म तेगीरी" (फिल्म काढा) एवढं एकच कन्नड वाक्य आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना पाठ झालं. फिल्म लावायला चार हजार दिलेल्या माणसाला ती काढायला पुन्हा पैसे. साबणाचं पाणी मारून ब्लेडने खरवडायची, मागच्या काचेवर डीफॉगरच्या बारीक तारा असतात त्या ब्लेडखाली गेल्या की गेल्याच, माझ्या मित्राच्या गेल्या, आजही पावसात त्याची मागची काच धुकटलेली असते. दंड तेव्हा पहिल्या वेळी शंभर रुपये होता, म्हणून काहीजण दंड भरून तसेच फिरायचे. २०१९ च्या दुरुस्तीत कायद्यातला तोच दंड पाचशे झाला. त्याच २०१२ मध्ये ११ ऑक्टोबरला आमच्या बेळगावातल्या सुवर्णसौधचं, म्हणजे कर्नाटकच्या दुसऱ्या विधानभवनाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून हिवाळी अधिवेशनाला गाड्यांचे ताफेच्या ताफे येतात, झेड प्लस कोण आणि नुसता फॉर्च्युनरवाला कोण हे ओळखायचा खेळ आम्ही रस्त्याकडेला उभं राहून खेळतो.

आता त्या "पन्नास टक्के अलाउड" वाल्याचा हिशेब. समजा कंपनीच्या काचेतून ७५ टक्के उजेड येतोय. त्यावर दुकानदाराने पन्नासची, म्हणजे निम्मा उजेड सोडणारी फिल्म मारली तर येणारा उजेड ७५ चा निम्मा, म्हणजे साडेसदतीस. नियम पन्नासचा, तुम्ही नापास. बाजूला पास व्हायचं तर सत्तरची फिल्म पाहिजे, ती लावली की साडेबावन्न उरतात, आणि सत्तरची फिल्म बाहेरून काळी दिसतच नाही. मग वट कुठली.

गोष्ट इथं संपली असती पण नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये नुसत्या काचेऐवजी "सेफ्टी ग्लेझिंग" आलं, ज्यात आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही बसते. त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं की ७० आणि ५० ची मर्यादा पाळणारी फिल्म चालेल, त्यासाठी दंड लावू नये. व्हॉट्सॲपवर हे "काळी फिल्म पुन्हा सुरू" असं फिरलं. तसं नाही. एक तर तो निकाल केरळचा, आणि दुसरं म्हणजे मर्यादा हलली नाहीच. केरळच्या निकालाची प्रिंट डॅशबोर्डमध्ये ठेवून नाक्यावर वाद घालायची हौस ज्याला आहे त्याने घालावा, मला ऑफिसला जायचं असतंय.

आणि ऊन? सूर्याच्या उष्णतेतला साधारण निम्मा भाग डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेडचा असतो. जुनी काळी फिल्म मुख्यतः दिसणारा उजेड अडवायची आणि स्वतः तापायची. हल्लीची सिरॅमिक फिल्म इन्फ्रारेड अडवते आणि उजेड बऱ्यापैकी सोडते, म्हणून ती जवळजवळ पारदर्शक असूनही काम करते, फक्त किंमत ऐकून माणूस गरम होतो. कंपनीच्या काचेला जी हलकी हिरवी झाक असते तीही लोहामुळे, थोडं इन्फ्रारेड तीही खाते.

भावाला एवढं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे नको म्हणूलास." मी म्हटलं जुलैत चोर्ला घाटातून ये एकदा, संध्याकाळी सहाला, पाऊस आणि धुकं, आणि बाजूचा आरसा काळ्या काचेतून बघ. ते त्याला पटलं, कारण मागच्या वर्षी मित्राच्या गाडीतून येताना वळणावर काच खाली करून, भिजत, डोकं बाहेर काढून रस्ता बघायचं काम त्याच्याकडेच होतं. शेवटी मागच्या सीटला कापडी जाळी घेऊया म्हणाला, ती पण त्या निकालातल्या "दुसरं काहीही" मध्ये येते काय ह्यावर आमचं अजून चालू आहे.