राजकीय भाषेतील असभ्यता : ठाणे व नवी मुंबई

विरोधकाचे धोरण सोडून त्याची जात, घराणे, शरीर किंवा घरातल्या बायका यांच्यावर उतरणारे बोलणे म्हणजे राजकीय असभ्यता. असे बोलणे वेचून, कापून दिवसभर लोकांपुढे वाजवणारी बातमीही याच संकल्पनेत येते. मराठीत यासाठी शिवराळपणा, चिखलफेक, हमरीतुमरी असे नेमके शब्द आहेत. बातमीत मात्र बहुधा ‘जीभ घसरली’ एवढेच येते. घसरणे हा अपघात असतो. ठरवून, टाळीची जागा पाहून केलेल्या अपमानाला अपघात म्हटले की बोलणाऱ्याला अर्धी माफी तिथेच मिळते.

मराठीत अपमानाला शिवी लागत नाही, क्रियापद पुरते. ‘तुम्ही काय केलंत?’चे ‘तू काय केलंस?’ झाले की सभा कान टवकारते. ‘एकेरीवर येणे’ हा वाक्प्रचार यातूनच आला. वृत्तपत्रांच्या भाषेतही ही उतरंड आहे : आमदार ‘म्हणाले’, आरोपी ‘म्हणाला’, मग त्याच्यावरचा गुन्हा शाबीत झालेला असो वा नसो.

पण एकेरी म्हणजे उद्धटपणा हे समीकरण या पट्ट्यात सरसकट लावता येत नाही. घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे या गावांच्या आगरी-कोळी बोलीत वडीलधाऱ्यांनाही सहज ‘तू’ म्हणतात. ठाणे शहरातल्या नौपाड्यातल्या श्रोत्याला जे खटकते, ते गावठाणात घरोब्याचे असते. स्थानिक पुढाऱ्याच्या बोलीलाच असभ्य ठरवणे हाही एक अपमानच आहे, आणि तो शुद्ध मराठीत होत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही.

संतापाचेही तसेच. नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ सिडको १९७० मध्ये स्थापन झाले आणि ९५ गावांच्या जमिनी या नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या आंदोलनावर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. अशा माणसांच्या घोषणा मऊ असाव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे. संवादाच्या अभ्यासक झिझी पापाचारिसी यांनी २००४ मध्ये हाच फरक मांडला : चढा आवाज, कडक शब्द हा शिष्टाचाराचा भंग झाला. असभ्यता त्यापुढची. समोरच्याचा बोलण्याचा हक्क नाकारणे किंवा एखाद्या समूहाला कमी लेखणे, ही तिची खूण.

पूर्वी सगळे सभ्य होते ही समजूत ठाण्याच्याच इतिहासात टिकत नाही. ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक येथे १८६६ मध्ये सुरू झाले. पुढे ठाण्याहूनच निघणाऱ्या ‘हिंदुपंच’ने जहाल-मवाळ वादात गोपाळ कृष्ण गोखले यांच्यावर विखारी मजकूर छापला. एरवी टीका सोसणाऱ्या गोखल्यांनी १९०९ मध्ये अब्रूनुकसानीसाठी कोर्टाची पायरी चढली. त्या प्रकरणानंतर ते पत्र बंद पडले.

महापालिकेची महासभा हे असभ्यतेचे आणि तिला आवर घालण्याचेही ठिकाण. पाणीकपातीवर लक्षवेधी चालू असते. एक नगरसेवक दुसऱ्याच्या बापाचा उद्धार करतो, बाकीचे महापौरांच्या आसनाकडे धावतात, राजदंडाला हात घालतात. महापौर तो शब्द कामकाजातून वगळायला सांगतात, सभा दहा मिनिटे तहकूब होते. परतल्यावर बहुधा दिलगिरी येते, कारण उद्याही त्याच बाकावर बसायचे असते. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून काही वर्षे प्रशासक होते, म्हणजे हे सभागृहच नव्हते. भांडण चौकातल्या फ्लेक्सवर आणि चॅनेलच्या बूमसमोर, म्हणजे माइकसमोर, झाले. तिथे ‘शब्द वगळा’ म्हणणारे आसन नसते. या नोंदीच्या लेखकाला ही हानी शिव्यांपेक्षा मोठी वाटते.

बातमी कशी घडते हे जवळून पाहण्यासारखे आहे. चौकसभेत वक्ता अर्धा तास घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक कोंडी, क्लस्टर (जुन्या इमारतींचा एकत्रित पुनर्विकास), कचरा यावर बोलतो. मागे कॅमेरामन ट्रायपॉडला टेकून उभा असतो. विरोधकाचे नाव एकेरीत आले की तो सावरतो, चेहरा जवळून पकडतो. तेवढाच बारा सेकंदांचा तुकडा रात्री चालतो. सकाळी विरोधकाच्या दारात बूम जातो : ‘ते तुम्हाला असं म्हणाले, तुमचं उत्तर?’ उत्तर तोडीस तोड आले तर दुसऱ्या दिवसाचीही सोय झाली. कोंडी, कचरा दोन्ही दिवशी बाहेरच राहतात. मथळ्यांतली क्रियाही रणांगणावरची : घणाघात, हल्लाबोल, टीकास्त्र. डायना मुट्झ व बायरन रीव्ह्ज यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगांत असे दिसले, की टीव्हीवरचा असभ्य वाद प्रेक्षकांना अधिक खिळवतो आणि त्याच वेळी राजकारणावरचा त्यांचा विश्वास कमी करतो.

कायद्याचा हात तोकडा आहे. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे (१ जुलै २०२४ पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे ४९९ व ५००). लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून केलेले खोटे विधान हा भ्रष्ट आचार ठरतो. नुसता पाणउतारा त्यात बसत नाही. तो आदर्श आचारसंहितेत बसतो, कारण सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करू नये असे ती सांगते. पण त्या संहितेला स्वतंत्र कायद्याचे बळ नाही.

राहतो तो संपादकाच्या टेबलावरचा निर्णय. वृत्तपत्रे शब्दाच्या जागी फुल्या छापतात, वाहिन्या त्यावर ‘टूं’ वाजवतात, आणि ओठांवरून शब्द सगळ्यांना कळतो. ‘आक्षेपार्ह शब्द वापरले’ एवढेच लिहिले तर नेता खरेच किती खाली उतरला हे वाचकाला ठरवता येत नाही. शब्द छापला तर सभेतल्या पाचशे जणांनी ऐकलेला तो अपमान घरोघरी पोचतो, आणि ज्या बाईबद्दल तो होता तिच्या मुलांच्या शाळेतही.