आपलेपणाची गरज

आपलेपणाची गरज : आपण कोणाचे तरी आहोत आणि आपण नसलो तर ते कोणाला तरी जाणवेल, ही खात्री असावी अशी माणसाची मूलभूत ओढ. ही ओढ निव्वळ सोबतीची नसते. गर्दीत राहूनही ती अपुरी राहू शकते, आणि एकांतात रमणाऱ्या माणसाची ती पुरेपूर भागलेली असू शकते. म्हणूनच अभ्यासक एकटे असणे आणि एकाकी वाटणे यांत काटेकोर फरक करतात.

मराठीला हा विषय सर्वनामांतच सापडलेला आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. आपलेपणावरचे बरेचसे संशोधन या दोन शब्दांमधल्या अंतराविषयीच आहे, असे म्हणायला हरकत नाही.

विचार जुना आहे. इब्न खल्दून या अरब इतिहासकाराने १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’ या ग्रंथात ‘असबिय्या’ म्हणजे समूहाची एकजूट ही सत्तेचा पाया मानली. खडतर आयुष्यात ती बळकट होते आणि सुखसोयींत सैल पडते, असे त्याचे निरीक्षण होते. औद्योगिकीकरणानंतर प्रश्नाचे रूप पालटले. फेर्डिनांट टोनीज या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १८८७ मध्ये जन्माने लाभणारा जिव्हाळ्याचा समुदाय आणि करारावर उभा राहणारा समाज असा भेद मांडला. एमिल द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये आत्महत्येसारखी अत्यंत खासगी वाटणारी कृतीही समाजाशी असलेल्या नात्याच्या घट्टपणाशी जोडलेली असते, हे आकडेवारीने दाखवण्याचा प्रयत्न केला. त्याची आकडेवारी आणि तिच्यावरून काढलेले निष्कर्ष यांवर पुढे पुष्कळ टीका झाली. त्याने विचारलेला प्रश्न मात्र टिकला.

मानसशास्त्रात अब्राहम मॅस्लो याने १९४३ मध्ये प्रेम आणि आपलेपणा यांना गरजांच्या क्रमात तिसरे स्थान दिले : आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग हे. हा क्रम पाठ्यपुस्तकांत जितका सुबक दिसतो तितका प्रत्यक्षात नसतो. आपल्या माणसांसाठी उपाशी राहणारी, जीव धोक्यात घालणारी माणसे सर्वत्र आढळतात. रॉय बॉमायस्टर आणि मार्क लिअरी यांनी १९९५ मध्ये या गरजेची अधिक नेमकी व्याख्या केली. त्यांच्या मते दोन गोष्टी एकत्र लागतात : वारंवार होणाऱ्या, कटुता नसलेल्या भेटीगाठी आणि दोघांनाही एकमेकांची काळजी आहे असे टिकाऊ नाते. एक असून दुसरी नसेल तर गरज अर्धवटच भागते. रोज भेटणारे अनोळखी चेहरे आणि दूरदेशी असलेले जिवलग, दोन्ही आपापल्या परीने अपुरेच.

या व्याख्येत एक गोष्ट मात्र पुरेशी येत नाही, ती म्हणजे सामायिक उद्दिष्ट. तिचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दिसले ते मारिएनथाल या व्हिएन्नाजवळच्या गावात. जागतिक मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारी तेच होते, घरे तीच होती, आणि वेळ तर हवा तेवढा होता. तरीही वाचनालयातून पुस्तके नेणे निम्म्याच्या आसपास घटले, मंडळे-संघटना ओस पडू लागल्या, पुरुषांच्या चालण्याचा वेगही मंदावला. बायकांना घरकाम होतेच. त्या पुरुषांपेक्षा भरभर चालत. याहोडा यांनी पुढे मांडले की नोकरी पगाराखेरीज बरेच काही देते : दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसे, ओळख, हाताला काम आणि आपल्याहून मोठ्या कशात तरी सहभाग. गिरणी बंद पडली तेव्हा माणसे एकमेकांपासून लांब गेली नव्हती. एकत्र येण्याचे निमित्त तेवढे गेले होते.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांच्या १९५४ मधील प्रयोगातून हाच मुद्दा उलट दिशेने पुढे येतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका शिबिरात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट पाडण्यात आले. स्पर्धा सुरू होताच शिवीगाळ, झेंडा जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी असे प्रकार सुरू झाले. त्यांना एकत्र जेवायला बसवून पाहिले, तर अन्नाची फेकाफेक झाली. नुसता सहवास कामाला आला नाही. पाणीपुरवठा बंद पडला (तो संशोधकांनीच पाडला होता), मालमोटार अडली आणि ओढायला सगळ्यांचे हात लागले, तेव्हा तेढ हळूहळू ओसरली. ज्या दोरीने रस्सीखेच झाली होती तिच्यानेच मोटार ओढली गेली. या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगायला हवी. आदल्या वर्षीचा असाच एक प्रयत्न फसला होता. मोठी माणसे आपल्याला खेळवत आहेत हे तिथल्या मुलांच्या लक्षात आले होते.

‘आम्ही’ तयार व्हायला मात्र जवळजवळ काहीच लागत नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातील शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात यावरून गटांत विभागल्याचे सांगितले. खरी विभागणी यादृच्छिक होती, गटातले इतर कोण हेही मुलांना ठाऊक नव्हते. तरी पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि अनेकदा आपल्या गटाची एकूण कमाई घटली तरी चालेल पण दुसऱ्यापेक्षा जास्त मिळावे असा पर्याय निवडला. आपलेपणाच्या गरजेची काळी बाजू हीच. राजकीय विचारवंत हॅना आरेण्ट यांनी १९५१ मध्ये एकाकी, मुळांपासून तुटलेली माणसे सर्वंकष सत्तेच्या चळवळींना सहज सापडतात, असे प्रतिपादन केले. अशा चळवळी आपलेपणा आणि उद्दिष्ट दोन्ही एकाच वेळी देऊ करतात, हे त्यांच्या आकर्षणाचे मोठे कारण मानावे लागेल.

आधुनिक समाजात माणसे एकमेकांवर पूर्वीपेक्षा जास्त अवलंबून आहेत, पण कोणावर ते त्यांना दिसत नाही. घरात दिवा लागतो त्यामागे हजारो हात असतात आणि त्यांतला एकही ओळखीचा नसतो. शिवाय गट निवडता येऊ लागला, तसा तो सोडताही येऊ लागला. हे स्वातंत्र्य अनेकांना जाचक समुदायांतून सोडवणारे ठरले. जुन्या समुदायांविषयी हळहळताना ते सहसा विसरले जाते.

एकाकीपणा आता सार्वजनिक आरोग्याचा विषय झाला आहे. ज्युलिआन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले. ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांच्या जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या प्रश्नाची जबाबदारी एकेका मंत्र्याकडे सोपवली. मोजमापासाठी तीन प्रश्नांची एक छोटी श्रेणी सर्रास वापरली जाते : सोबतीची उणीव किती वेळा भासते, वगळल्यासारखे किती वेळा वाटते, इतरांपासून तुटल्यासारखे किती वेळा वाटते. कोणाला तुमची गरज आहे का, हा प्रश्न तिच्यात नाही.